चष्मा की कॉन्टॅक्ट लेन्स? : वैद्याने द्यावयाचा सल्ला

आपल्या चिकित्सालयात येणारा तरुण नेत्ररुग्ण बहुधा दोनपैकी एक मागणी घेऊन येतो. पहिली मागणी 'नंबर उतरवून द्या' अशी असते. दुसरी 'चष्मा नको, दुसरे काही सांगा' अशी असते. पहिल्या मागणीवर आपण त्रिफळा घृत, सप्तामृत लोह, तर्पण अशी चर्चा सुरू करतो. दुसऱ्या मागणीवर मात्र आपल्यापैकी बहुतेक जण 'तो चष्मेवाल्याचा विषय आहे' असे म्हणून मोकळे होतात. आम्हीही अनेक वर्षे तसेच म्हणत आलो. ते म्हणणे किती महाग पडू शकते याचा अनुभव घेतल्यानंतर हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहोत. आमचे शिक्षण बी.ए.एम.एस.पर्यंतचे आहे, आम्ही नेत्रशल्यतज्ज्ञ नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. प्रस्तुत लेख सामान्य वैद्याने सामान्य वैद्यासाठी आणि औषधविक्रेत्या बंधूंसाठी लिहिलेला आहे.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी चिखली परिसरातील एका शेतकरी कुटुंबातील मुलगी वडिलांसह आमच्याकडे आली. दोन्ही डोळ्यांना सुमारे उणे साडेचार नंबर होता आणि शाळेपासून ती चष्मा लावीत होती. वडील म्हणाले, "साहेब, लग्न जमलंय, वैशाखात तारीख आहे. तेवढा चष्मा सुटेल असं काहीतरी द्या." आम्ही दोन महिन्यांचे घृत लिहून दिले. निघताना मुलीने हळूच विचारले, "सर, लेन्स लावली तर चालेल का?" आम्ही उत्तर दिले, "ते शहरातल्या दुकानात विचारा, आमचा तो विषय नाही."

तिने शहरातील एका दुकानातून लेन्स घेतल्या. कशा घालायच्या हे तिला पाच मिनिटांत दाखविण्यात आले. केव्हा काढायच्या हे फारसे कोणी सांगितले नाही. हळदीच्या दिवशी सकाळी घातलेल्या लेन्स लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. मधल्या काळात हळद, होमाचा धूर, रात्रीची वरात आणि थोडीशी झोप, हे सर्व लेन्ससकट झाले. डावा डोळा लाल झाला, तेव्हा घरच्यांनी औषधाच्या दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' आणले. त्या थेंबांत स्टिरॉइड होते. दोन दिवस बरे वाटले, नंतर वेदना असह्य झाली. आमच्याकडे ती आली तेव्हा कृष्णमंडलावर पांढरा व्रण स्पष्ट दिसत होता. आम्ही त्याच दिवशी तिला नेत्रतज्ज्ञांकडे धाडले. डोळा वाचला, परंतु व्रणाचा डाग राहिला आणि तो दृष्टीच्या अगदी जवळ आहे. आज त्या डोळ्याने तिला चष्मा लावूनही पूर्वीइतके दिसत नाही.

या घटनेत अनेकांच्या चुका आहेत. परंतु ज्या एकाच ठिकाणी तिने वेळेवर प्रश्न विचारला होता ते ठिकाण आमचे होते, आणि तेथे तिला उत्तर मिळाले नाही.

शास्त्राची दृष्टी

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांपैकी १२ दृष्टिगत आणि ४ कृष्णगत आहेत. आपल्या विषयाशी हे दोन्ही गट संबंधित आहेत. दोष दुसऱ्या पटलात गेला असता दूरची वस्तू जवळ व जवळची दूर भासते, प्रयत्न करूनही सुईचे छिद्र दिसत नाही, असे वर्णन आहे. आजच्या दृष्टिदोषांशी त्याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. तथापि 'तिमिर म्हणजेच मायोपिया' असे सरळ समीकरण मांडून त्यावरून चिकित्सेचे आश्वासन देणे आम्हास उचित वाटत नाही.

कारण साधे आहे. प्रौढ माणसाचे नेत्रगोलक पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असते. ही लांबी एक मिलिमीटरने वाढली की साधारण अडीच ते तीन डायॉप्टरचा उणे नंबर येतो. म्हणजे उणे सहा नंबरच्या रुग्णाचे नेत्रगोलक सुमारे दोन मिलिमीटरने लांबलेले असते. एकदा लांबलेले नेत्रगोलक घृतपानाने वा तर्पणाने आखूड होत नाही. आपल्या औषधींचे कार्य अन्यत्र आहे. शुष्काक्षिपाकासारखी अवस्था, डोळ्यांचा ताण, दाह, वारंवार होणारा अभिष्यंद यांत आपली चिकित्सा रुग्णाला सुख देते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ते कार्य पुरेसे मोलाचे आहे. न होणाऱ्या कार्याची हमी देऊन त्याचे मोल आपणच कमी करू नये.

लेन्सचा संबंध मात्र थेट कृष्णमंडलाशी येतो. या मंडलात रक्तवाहिन्या नसतात. त्यास लागणारा प्राणवायू अश्रूंच्या थरातून, म्हणजे बाहेरील हवेतून मिळतो. डोळे मिटलेले असताना तो पापणीच्या आतील बाजूच्या सूक्ष्म वाहिन्यांतून मिळतो. लेन्स म्हणजे या मंडलावर घातलेले आच्छादन होय. लेन्स घालून झोपणे म्हणजे आच्छादनावर आच्छादन. प्राणवायू कमी पडतो, वरचा थर दुर्बल होतो आणि जंतूंना वाट मिळते. यातून जे उत्पन्न होते त्याचे वर्णन सव्रण शुक्राच्या वर्णनाशी मिळतेजुळते आहे. व्रण दृष्टीच्या जवळ नसेल, खोल नसेल, स्राव व वेदना नसतील, तरच क्वचित बरा होतो, असे सुश्रुताचार्यांनी साध्यासाध्यता सांगताना म्हटले आहे. 'दृष्टीपासून किती दूर' हा निकष आजचा नेत्रतज्ज्ञही प्रथम पाहतो. बरा झालेला व्रण अव्रण शुक्राच्या रूपाने मागे राहतो, हेही आपल्याला ठाऊक आहे.

दोन साधनांचा थोडा इतिहास

चष्मा हे साधन इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत उदयास आले. आपला 'चष्मा' हा शब्द फारसीतील डोळ्याच्या शब्दावरून आला. 'उपनेत्र' हा संस्कृतनिष्ठ शब्द ग्रंथातच राहिला. डोळ्यावर बसणारे काचेचे भिंग १८८८ मध्ये आडॉल्फ फिक यांनी प्रसिद्ध केले. ते जड होते आणि काही तासांपलीकडे सोसत नसे. १९६१ मध्ये प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून घरीच यंत्र तयार केले व त्यावर पाणी शोषणाऱ्या मऊ पदार्थाच्या लेन्स घडविल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत अशा मऊ लेन्सना मान्यता मिळाली. आज आपल्या तालुक्याच्या गावी मिळणारी लेन्स त्याच वंशातील आहे.

दोन्ही साधनांचा नंबर एकच असतो का?

नाही, आणि हे औषधविक्रेत्या बंधूंनी विशेष लक्षात ठेवावे. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असतो, लेन्स डोळ्यावरच असते. या अंतरामुळे साधारण चार नंबरच्या पुढे फरक पडू लागतो. चष्म्याचा उणे ६ नंबर लेन्समध्ये सुमारे उणे ५.६ होतो, उणे ८ चा सुमारे उणे ७.३ होतो. अधिक नंबरात उलट घडते : चष्म्याचा अधिक १२ लेन्समध्ये सुमारे अधिक १४ होतो. शिवाय लेन्सच्या चिठ्ठीवर नंबराबरोबर तिची वक्रता आणि व्यास हेही लिहिलेले असावे लागतात, कारण प्रत्येकाच्या कृष्णमंडलाचा उंचवटा सारखा नसतो. म्हणून चष्म्याच्या चिठ्ठीवरून लेन्स देणे म्हणजे एकाच्या पायाच्या मापाने दुसऱ्याला जोडा देण्यासारखे आहे.

आणखी एक बारकावा चाळिशीच्या रुग्णांसाठी. उणे नंबरच्या माणसाला चष्म्यातून जवळचे पाहताना डोळ्यावर थोडा कमी ताण पडतो. तोच माणूस लेन्स वापरू लागला की हा लाभ जातो व वाचनाची अडचण लवकर जाणवते. अशा वेळी 'लेन्समुळे डोळे बिघडले' अशी तक्रार घेऊन तो आपल्याकडे येतो. डोळे बिघडलेले नसतात, चाळिशी उघड झालेली असते.

आपल्या जिल्ह्याची परिस्थिती

शहरी मासिकांत लेन्सविषयी जे लिहिले जाते ते वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्या वाचकासाठी असते. आपला रुग्ण वेगळ्या हवेत राहतो, म्हणून सल्लाही त्या हवेचा विचार करून द्यावा लागतो.

प्रथम पाण्याचा विचार करू. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतील खारपाण पट्टा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. उन्हाळ्यात जिल्ह्यातील कित्येक गावांना काही दिवसांआड पाणी मिळते आणि ते हौद, टाक्या, पिंपे यांत साठविले जाते. अशा साठवणीच्या पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव सुखाने राहतो. लेन्स पाण्याने धुतल्यास तो लेन्सवर बसून डोळ्यात जातो आणि त्याने झालेला व्रण अत्यंत वेदनादायक व चिकित्सेस हट्टी असतो. 'मिठाच्या पाण्यात जंतू मरतात, म्हणून घरच्या मिठाच्या पाण्यात लेन्स ठेवली तर काय बिघडते?' असे एका सुशिक्षित पालकाने आम्हास विचारले होते. त्यांना आम्ही लोणारचे उदाहरण दिले. जून २०२० मध्ये आपले लोणार सरोवर गुलाबी झाले, ते खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असे तपासणीत निष्पन्न झाले. खारट म्हणजे निर्जंतुक नव्हे. १९८० च्या दशकात अमेरिकेत घरी तयार केलेल्या मिठाच्या द्रावणामुळेच अकँथामीबाचे अनेक रुग्ण आढळले होते.

दुसरा विचार धुळीचा. खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमधील कापसाची तंतुमय धूळ, मळणीच्या वेळचा सोयाबीनचा भुसा, चैत्र-वैशाखातील कोरडा वारा आणि दुचाकीवरील प्रवास, हे आपल्या रुग्णाचे नित्य जीवन आहे. लेन्सखाली कण गेला तर तो कृष्णमंडलावर घासत राहतो. पिकाच्या पात्याने वा काडीने झालेल्या जखमेतून बुरशीजन्य व्रण होतो, हे शेतीप्रधान भागातील नेत्रतज्ज्ञ नेहमी पाहतात. चष्मा येथे दृष्टी देतो आणि ढालही होतो.

तिसरा विचार फवारणीचा. २०१७ मध्ये आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले आणि अनेकांना डोळ्यांचे विकार झाले. फवारणी करणाऱ्याने लेन्स कदापि घालू नये. रसायनाचा अंश लेन्सखाली अडकला की डोळा धुऊनही तो लवकर निघत नाही. त्याने चष्मा आणि त्यावर बंद कडांचा संरक्षक गॉगल वापरावा.

मग लेन्स कोणासाठी?

वरील विवेचनावरून आम्ही लेन्सच्या विरोधात आहोत असा ग्रह होऊ नये. तसा ग्रह आमचाही एकेकाळी झाला होता, आणि त्याचीही किंमत एका रुग्णाला द्यावी लागली.

वरील प्रसंगानंतर आम्ही येणाऱ्या प्रत्येकास 'लेन्स नको' असेच सांगू लागलो. त्यात एक महाविद्यालयीन मुलगा होता. लहानपणापासून डोळ्यांना खाज येई, तो सतत डोळे चोळी. दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदले आणि नवा चष्मा लावूनही फळ्यावरील अक्षरे दुहेरी दिसत. एका तज्ज्ञाने त्याला लेन्स सुचविली होती. आम्ही ती टाळण्यास सांगितले. वर्षभराने निदान समजले : केराटोकोनस. या विकारात कृष्णमंडल पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येते. त्याचा पृष्ठभागच वेडावाकडा झाल्याने चष्म्याने दृष्टी सुधारत नाही. अर्धकठीण लेन्स त्या पृष्ठावर एक गुळगुळीत नवा पृष्ठ निर्माण करते, म्हणून तेथे लेन्स हीच दृष्टी होय. विकार वाढत असल्यास तो रोखण्यासाठी क्रॉसलिंकिंगची प्रक्रिया करतात, आणि ती वेळेत होणे महत्त्वाचे असते. आमच्या सल्ल्याने त्याचे एक वर्ष गेले.

तेव्हा पुढील स्थितींत रुग्णास लेन्सचा विचार करण्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे अवश्य पाठवावे :

१) केराटोकोनस किंवा व्रणानंतर वेडावाकडा झालेला कृष्णमंडलाचा पृष्ठ. अशी शंका केव्हा घ्यावी? तरुण वय, डोळे चोळण्याची सवय, वारंवार बदलणारा तिरका नंबर आणि चष्म्याने अपुरी दृष्टी, ही चार लक्षणे एकत्र आढळल्यास.

२) दोन डोळ्यांच्या नंबरात सुमारे तीन किंवा अधिक डायॉप्टरचा फरक. चष्म्यातून दोन डोळ्यांना दोन आकारांच्या प्रतिमा दिसतात व मेंदूस त्या जुळविता येत नाहीत. लेन्समध्ये हा फरक पुष्कळ कमी होतो.

३) फार मोठा नंबर, ज्यात जाड भिंगाच्या कडेने दृश्य विकृत दिसते.

४) खेळाडू, मंचावरील कलावंत आणि ज्यांच्या व्यवसायात चष्मा खरोखरीच अडतो असे लोक. सैन्य वा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी मात्र त्या-त्या जाहिरातीतील दृष्टीचे निकष स्वतः वाचावेत; लेन्सने ते चुकविता येतील अशा भ्रमात राहू नये.

याउलट पुढील रुग्णांस आम्ही चष्माच सांगतो : वारंवार रांजणवाडी होणारे, पापण्यांच्या कडा सुजणारे, शुष्काक्षिपाकाचे रुग्ण, डोळ्यांच्या तीव्र ॲलर्जीचे रुग्ण, साखर नियंत्रणात नसलेले मधुमेही, शेतीत वा धुळीत काम करणारे आणि ज्यांच्या घरी हात धुण्यास स्वच्छ वाहते पाणी व साबण नाही असे सर्व. ज्याला एकाच डोळ्याने दिसते त्याने दिसणाऱ्या डोळ्यावर हौसेखातर लेन्स लावू नये. त्याने पॉलिकार्बोनेटच्या न फुटणाऱ्या भिंगांचा चष्मा सदैव वापरावा, नंबर असो वा नसो. मधुमेह्याचा नंबर रक्तातील साखरेबरोबर बदलतो, म्हणून साखर स्थिर झाल्यावरच तपासणी करावी, अन्यथा नवा चष्मा महिन्यात निकामी ठरतो.

बालकांविषयी

'चष्मा लावला की नंबर वाढतो' हा समज आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. वाढीच्या वयात नेत्रगोलक वाढते म्हणून नंबर वाढतो, चष्म्यामुळे नव्हे. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्याने नंबर थांबेल अशी एक कल्पना होती. मलेशियात झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर उलट अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. मोठा किंवा विषम नंबर असलेल्या लहान मुलास चष्मा न दिल्यास तो डोळा मेंदूकडून उपेक्षित राहतो व आळशी होतो. सात-आठ वर्षांनंतर ही हानी भरून काढणे कठीण होत जाते. म्हणून अशा बालकास 'सहा महिने घृत घेऊन पाहू' असे सांगणे हा अपराध आहे. घृत अवश्य द्यावे, पण चष्म्याबरोबर. रोज सुमारे दोन तास उघड्यावर खेळण्याने नंबर लागण्याचे प्रमाण कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. हा सल्ला आपल्या दिनचर्येच्या विचाराशी सुसंगतच आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्य असतात व दृष्टिदोष हा त्यांच्या तपासणीतील विषय आहे. म्हणजे शाळेतील मुलाच्या डोळ्यापर्यंत प्रथम पोहोचणारा वैद्य पुष्कळदा आपल्यापैकीच असतो. ही संधी आहे, तशी जबाबदारीही आहे.

क्रियाकल्प आणि लेन्स

हा भाग नेत्रतज्ज्ञ सांगणार नाहीत, तो आपणच सांगावयास हवा. रुग्ण लेन्स वापरतो का, हा प्रश्न पंचकर्म व क्रियाकल्पापूर्वी प्रत्येकास विचारावा. तर्पण, पुटपाक, सेक, आश्च्योतन, बिडालक व अंजन यांपूर्वी लेन्स काढलेली असावी. तर्पणानंतर अश्रूंत स्नेहाचा थर राहतो, म्हणून त्या दिवशी लेन्स घालू नये. अभ्यंग, शिरोधारा, नस्य, स्वेदन आणि वमन यांतही हाच नियम पाळावा. मध वा कर्पूर असलेले कोणतेही नेत्रौषध लेन्सवर टाकू नये. संरक्षक द्रव्य असलेले थेंब मऊ लेन्स शोषून घेते व दिवसभर डोळ्यात सोडत राहते. असे थेंब टाकून १५ मिनिटांनी लेन्स घालावी. काजळ लावणाऱ्या स्त्रियांनी आधी लेन्स घालावी मग काजळ लावावे. काढताना आधी लेन्स काढावी मग चेहरा धुवावा.

लेन्स वापरणाऱ्यास द्यावयाच्या सूचना

हात साबणाने धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करून मगच लेन्सला स्पर्श करावा. लेन्सला पाणी कधीही लावू नये, मग ते नळाचे असो, बाटलीचे असो वा उकळलेले असो. स्नान, पोहणे व झोप यांपूर्वी लेन्स काढावी. द्रावण रोज नवे घ्यावे, कालच्या द्रावणात भर घालू नये. डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. मासिक लेन्स महिन्यानंतर टाकून द्यावी, 'अजून चांगली दिसते' म्हणून वापरू नये. दुसऱ्याची लेन्स घालू नये. लग्नसमारंभात रंगीत लेन्सची देवाणघेवाण होते ती घातक आहे. नंबर नसलेली रंगीत लेन्ससुद्धा तपासणीशिवाय घालू नये. लेन्स वापरणाऱ्याने घरी एक चालू नंबरचा चष्मा ठेवलाच पाहिजे. म्हणजे लेन्स घेणाऱ्याचा चष्म्याचा खर्च वाचत नाही, हे पालकांना आधीच सांगावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

लेन्सचे द्रावण हे साधे पाणी नव्हे. २००६ मध्ये एका नामांकित विदेशी कंपनीचे द्रावण बुरशीजन्य व्रणांच्या साथीनंतर जगभरातून परत घ्यावे लागले होते. तेव्हा मुदत, आवेष्टन व साठवण काटेकोर पाहावी. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून एका महिन्यात वापरावेत ही सूचना वेष्टनावर असते. ग्राहकास ती तोंडी सांगावी व बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावयास लावावी. लाल डोळ्यासाठी चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब देऊ नयेत. प्रथम विचारावे, "लेन्स वापरता का?" उत्तर 'हो' असेल तर कोणतेही थेंब न देता त्यास नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. खुल्या सुरम्यात शिसे असू शकते, तो विकू नये.

जाहिरातीविषयीही सावध राहावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू व दृष्टिसंस्थेचे विकार यांचा समावेश आहे. 'चष्मा उतरवा' असा फलक लावणाऱ्याने हे वाचून ठेवावे. हा नियम आपल्याच पॅथीला जाचतो असेही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वाचनाच्या चष्म्याला पर्याय म्हणून गाजलेल्या एका ॲलोपॅथिक थेंबांची परवानगी केंद्रीय औषध नियंत्रकांनी प्रसिद्धीतील अनधिकृत दाव्यांमुळे स्थगित केली होती. ग्राहकांस सांगण्यासारखी एक चांगली वार्ता म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून चष्म्याची भिंगे, फ्रेम व कॉन्टॅक्ट लेन्स यांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

धोक्याची लक्षणे

लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, स्राव येणे, अंधूक दिसणे वा कृष्णमंडलावर पांढरा ठिपका दिसणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर लेन्स तत्काळ काढावी. ती फेकू नये. डबीसह नेत्रतज्ज्ञांकडे न्यावी, कारण तिच्यावरूनच जंतू ओळखता येतो. डोळ्यावर पट्टी बांधू नये. सेक, अंजन, घृत काहीही करू नये. रुग्णास त्याच दिवशी जिल्हा सामान्य रुग्णालयातील नेत्रविभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. काही जंतू एक-दोन दिवसांत कृष्णमंडलास छिद्र पाडतात; 'सोमवारी बघू' असे म्हणण्यास तेथे जागा नाही.

समारोप

सारांश, चष्मा की लेन्स हा प्रश्न सौंदर्याचा म्हणून आपल्यापुढे येतो, पण त्याचे उत्तर रुग्णाचे कृष्णमंडल, त्याचा व्यवसाय, त्याच्या घरचे पाणी आणि त्याची शिस्त पाहून द्यावे लागते. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांस चष्मा हेच सुरक्षित साधन आहे. थोड्यांस लेन्स हवीच, आणि त्यांना ती नाकारणे हाही अन्यायच. मुलीच्या चष्म्यावरून स्थळ नाकारणाऱ्या घरांना चार शब्द सांगण्याचा अधिकारही गावात वैद्यालाच असतो; तो आपण वापरत नाही.

सर्व वैद्यबंधू-भगिनींस आमची एक नम्र विनंती आहे. आपल्या केसपेपरवर 'चष्मा आहे का? लेन्स वापरता का? रात्री काढता का?' हे तीन प्रश्न छापून घ्यावेत. विचारण्यास अर्धा मिनिट लागतो. आम्ही ते छापून घेतले, परंतु त्या मुलीने विचारले तेव्हा ते आमच्या कागदावर नव्हते.